पहिल्या वर्षाची शीट: रफपासून सबमिशनपर्यंत

बीएफएच्या (बॅचलर ऑफ फाइन आर्ट या पदवीच्या) पहिल्या वर्षाला किंवा फाउंडेशनला, म्हणजे कलाशिक्षणाच्या पायाभूत वर्षाला, नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या असतील तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही नावं ओळखीची असतात. कॉलेजात आल्यावर पहिले काही आठवडे गोंधळ उडतो तो या ओळखीमुळेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ठरलेल्या वेळात एक कागद पूर्ण करून द्यायचा असतो. इथे एका असाइनमेंटसाठी बरेच दिवस मिळतात आणि शीटला, म्हणजे शेवटी जमा करायच्या चित्राच्या कागदाला, हात लावायच्या आधी सर रफ, म्हणजे कच्ची चित्रं, मागतात. रफ म्हणजे औपचारिकता, असं समजून बरीच मुलं एकच रफ काढतात, त्यावर सही घेतात आणि उरलेले दिवस रेघ सरळ आणण्यात घालवतात.

मी हे वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षाला आले आहे. वर्गातल्या चांगल्या शीट्स कशा झाल्या ते जवळून पाहिलं आहे, त्यामुळे हे खात्रीनं सांगते: शीट चांगली होणार की नाही, हे रफमध्येच ठरून जातं. स्वच्छ रंगकाम सरावानं येतंच. पण कुठला राखाडी कुठे, आकार किती मोठा, कुठली जागा मोकळी सोडायची, हे निर्णय रात्री जागून केलेल्या फिनिशिंगनं भरून निघत नाहीत. म्हणून प्रत्येक असाइनमेंटचा अर्ध्याहून जास्त वेळ रफसाठी राखून ठेवा. पुढे जे सांगते आहे, त्यातला बहुतेक भाग हा वेळ कसा वापरायचा याबद्दलच आहे.

सामान: थोडं घ्या, नीट घ्या

पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन मोठी यादी घेऊ नका. जाड कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, दोन चपटे आणि तीन गोल ब्रश, २बी ते ६बी पेन्सिली, स्टीलची पट्टी, कटर आणि जास्तीची पाती, मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर एवढ्यावर पहिली सहामाही निघते. कागद इम्पिरिअल आकारात, म्हणजे २२ × ३० इंचात मिळतो. त्याचे दोन भाग केले की हाफ इम्पिरिअल, चार केले की ११ × १५ इंचांचा क्वार्टर. बहुतेक रफ क्वार्टरवर किंवा त्याहूनही लहान तुकड्यांवर करा.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, ते आधीच ठरवा. पॅलेटऐवजी घरातली पांढरी चिनी मातीची बशी चालते, पाण्याला कुठलाही डबा चालतो. बारीक टोकाचा गोल ब्रश मात्र चांगलाच घ्या, कारण टोक फुटलेल्या ब्रशनं कडा येत नाही. पांढरा आणि काळा रंग मोठ्या बाटलीत घ्या, तेच आधी संपतात.

आपल्याकडे वर्ष सुरू होतं पावसाळ्यात. हवा दमट असली की कागद ओलावा धरतो आणि रंग वाळायला बराच वेळ घेतो. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवा आणि वाळण्याचा वेळ धरूनच कामाचा हिशेब करा.

ग्रे स्केल: पहिली खरी परीक्षा

जवळजवळ सगळीकडे सुरुवात इथूनच होते. एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा आणि मध्ये सात राखाडी, अशा नऊ पायऱ्या. प्रत्येक दोन पायऱ्यांमधला फरक डोळ्याला सारखा दिसला पाहिजे. वरवर सोपं वाटणारं हे काम पुढच्या प्रत्येक विषयाचा पाया आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

१. शीटवर नऊ चौकोन आखून थेट भरायला बसू नका. कार्ट्रिजच्या सुट्या तुकड्यांवर राखाडीचे भरपूर पट्टे रंगवा.

२. नेहमी पांढऱ्यात काळा मिसळत जा. काळ्यात पांढरा घालत गेलात तर भरमसाठ रंग वाया जातो आणि फिक्या पायऱ्यांपर्यंत पोहोचताच येत नाही.

३. सगळ्यात आधी मधली, म्हणजे पाचवी पायरी शोधा. मग पांढरा आणि पाचवी यांच्या मधली तिसरी, पाचवी आणि काळा यांच्या मधली सातवी. उरलेल्या पायऱ्या त्यांच्या मधे आपोआप सापडत जातात.

४. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. पोस्टर कलर वाळला की फिके रंग किंचित गडद आणि गडद रंग किंचित फिके दिसतात. पूर्ण वाळू द्या, मगच बघा.

५. वाळलेल्या पट्ट्यांतून लहान चौकोन कापा आणि मध्ये फट न ठेवता एकमेकांना चिकटवून ठेवा. डोळे अर्धे मिटून बघा. दोन चौकोनांमधली एखादी कडा बाकीच्यांपेक्षा ठळक दिसली, तर तिथे उडी मोठी झाली आहे. कडा दिसेनाशी झाली, तर पायरी फार जवळची आहे.

६. क्रम जमला की प्रत्येक राखाडी पुरेसा करून झाकणाच्या छोट्या डब्यांत भरून ठेवा. अर्ध्यात रंग संपला तर पुन्हा तोच राखाडी मिळवणं फार अवघड जातं.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं होतं. प्रत्येक पायरीला काळ्याचा सारखाच वाटा घातला, तरी पायऱ्या सारख्या दिसत नाहीत. पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब पडला की मोठा बदल दिसतो. गडद राखाडीत तोच थेंब जाणवतही नाही. डोळ्याला फरक प्रमाणात कळतो, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला काळा आधीपेक्षा जास्त लागत जातो. थेंब मोजून हे जमत नाही, डोळ्यावरच विसंबावं लागतं. माझ्या मते ही असाइनमेंट पहिली ठेवतात ती यासाठीच.

आता सपाट रंग भरण्याबद्दल. रंग पातळ सायीइतका असावा: ब्रशमधून सहज सुटणारा, पण खालचा कागद झाकणारा. आधी बारीक ब्रशनं आतल्या बाजूनं कडा आखा आणि ती ओली असतानाच चपट्या ब्रशनं आतला भाग एका दिशेनं भरून घ्या. अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवू नका. पोस्टर कलरमधला डिंक वाळल्यावरही पाण्यानं सुटतो, त्यामुळे खालचा थर उचलला जाऊन डाग पडतात. दुसरा थर द्यायचाच असेल तर पहिला पूर्ण वाळल्यावर, जरा घट्ट रंगानं, हलक्या हातानं द्या. मास्किंग टेप लावण्याआधी एकदा कपड्यावर दाबून तिचा चिकटपणा कमी करा आणि काढताना तिरकी, सावकाश ओढा, म्हणजे कागदाचं साल निघत नाही.

रंगचक्र, आणि शेजारचा रंग

बारा रंगांच्या चक्रात अडचण येते ती जांभळ्याला. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो. व्हर्मिलियन (नारिंगीकडे झुकणारा लाल) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून बघा, तपकिरीकडे झुकणारा मळकट रंग येतो. व्हर्मिलियनमध्ये पिवळ्याची झाक असते आणि पिवळा जांभळ्याच्या समोरचा रंग, त्यामुळे तो जांभळ्याला मारतो. त्याऐवजी क्रिमसन, म्हणजे निळसर झाकेचा लाल, घ्या, जांभळा स्वच्छ येतो. नारिंगीला मात्र व्हर्मिलियनच बरा. हिरव्यासाठी लेमन यलो आणि हिरव्याकडे झुकणारा प्रशियन ब्लू वापरा. रफच्या कागदावर आपल्याकडच्या सगळ्या लाल-पिवळ्या-निळ्यांच्या जोड्या लावून एक तक्ता करा आणि वर्षभर भिंतीवर चिकटवून ठेवा.

चक्र झालं की मोबाइलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. पिवळा सगळ्यांत उजळ आणि जांभळा सगळ्यांत गडद दिसेल. रंगाला स्वतःचा असा उजेड-अंधार असतो, हे या फोटोइतकं चटकन दुसऱ्या कशानं समजत नाही. ग्रे स्केलचा आणि रंगाचा संबंध इथे जुळतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. एकच राखाडी दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवायचा आणि तो दोन राखाडींसारखा दाखवायचा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईची जबाबदारी मिशेल-युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी त्यांच्याकडे येत. तपासल्यावर लक्षात आलं की रंगाईत दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. त्यांनी यावर केलेला अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस ही शाळा सुरू झाली आणि तिथल्या प्राथमिक वर्गात रंगांचे परस्परसंबंध शिकवले गेले. आज आपण करतो ते बरेच सराव तिथून जगभर पोचले आहेत.

करायचं असं. रंग मिसळत बसू नका, रंगीत कागद गोळा करा: क्राफ्ट पेपर, जुनी मासिकं, लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यांचे अस्तर. एका रंगाचे दोन लहान चौकोन कापा आणि निरनिराळ्या मोठ्या तुकड्यांवर ठेवून बघत राहा. पार्श्वभूमी उजळ असेल तर छोटा चौकोन गडद वाटतो, पार्श्वभूमी लालसर असेल तर त्याच्यात हिरवट झाक येते. ज्या जोडीत फरक सगळ्यात जास्त दिसतो, ती निवडा. कागद सरकवून बघायला क्षण पुरतो आणि रंगवायला तास लागतो, त्यामुळे इथे जितक्या जोड्या बघाल तितकी शीट बळकट होईल. निवड पक्की झाल्यावरच पोस्टर कलरमध्ये उतरवा. घरात पैठणी असेल तर ती उजेडात हलवून बघा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे जी धूपछाँव दिसते, ती रंगाच्या शेजाराचीच किमया आहे.

निसर्गातून आकृतिबंध: जास्वंदीचं उदाहरण

फूल, पान, कीटक किंवा भाजी यांचा अभ्यास करून त्यातून मोटिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येईल असा आकृतिबंध, बनवायचा आणि मग त्याची पुनरावृत्ती करायची, ही असाइनमेंट बहुतेकांना मिळते. इंटरनेटवरचं तयार मोटिफ बघून सुरुवात केली तर पुढे सुचण्यासारखं काही उरत नाही. खरी वस्तू हातात घ्या. जास्वंद मी सुचवेन, कारण ती कुठेही मिळते आणि तिची रचना स्पष्ट आहे.

पहिला टप्पा निरीक्षणाचा. समोरून, बाजूनं, मागून, कळी, पान, आणि ब्लेडनं उभं कापलेलं फूल, अशी सावकाश चित्रं काढा. शेडिंगच्या मागे लागू नका, रेघेनं रचना समजून घ्या. पाच पाकळ्या आहेत आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी खाली आहे, त्यामुळे फुलाला एका दिशेनं फिरल्याचा भास येतो. मधून बाहेर येणाऱ्या नळीवर पुंकेसर आहेत आणि टोकाशी पाच ठिपके. ‘लाल फूल’ म्हणून काढलं की यातलं काहीच येत नाही.

दुसरा टप्पा निवडीचा. या सगळ्यात जास्वंदीचं जास्वंदपण कशात आहे? माझं उत्तर: पाकळ्यांचं फिरणं आणि पुढे आलेली नळी. तुमचं वेगळं असू शकतं, पण उत्तर एका वाक्यात लिहून काढा. बाकी सगळं वगळायचं ते या वाक्याच्या आधारानं.

तिसरा टप्पा सोपं करण्याचा. स्वतःवर बंधनं घाला. एकदा फक्त सरळ रेघांत, एकदा फक्त वर्तुळाच्या तुकड्यांत, एकदा फक्त काळ्या-पांढऱ्या भरीव आकारांत काढून बघा. प्रत्येक रफ दोन इंचांच्या चौकोनात. लहान आकारात तपशील मावत नाहीत, आणि ते चांगलंच. आपल्याकडे वारली चित्रांत टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांत माणसाचं धड उभं राहतं, आणि त्या त्रिकोणांच्या कलण्यातून तो नाचतो आहे की पेरतो आहे ते कळतं. जिव्या सोमा मशे यांची चित्रं या नजरेनं बघा. आकार थोडे आहेत, निरीक्षण अफाट आहे.

मुंबईत असाल तर एक सकाळ सीएसएमटीच्या बाहेर स्केचबुक घेऊन घालवा. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या या इमारतीवरच्या दगडी पानाफुलांच्या आणि प्राण्यांच्या कोरीवकामात १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पान दगडात आणताना काय ठेवलं आणि काय सोडलं, ते शोधत फिरा. जवळच्याच क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे उठावशिल्पांचे पट्टे लॉकवुड किपलिंग यांचे आहेत, तेही चुकवू नका.

चौथा टप्पा पुनरावृत्तीचा. मोटिफ एकटं छान दिसतं म्हणून ते ओळीत छान दिसेलच असं नाही. ट्रेसिंग पेपरवर निदान चार प्रती काढून शेजारी ठेवा: आधी साध्या चौकटीत, मग दुसरा स्तंभ अर्ध्यानं खाली सरकवून, मग एकाआड एक उलटं करून. बघायचं ते मोटिफकडे नाही, मधल्या रिकाम्या जागांकडे. ती जागा स्वतः एक आकार झाली पाहिजे. ठिपक्यांची रांगोळी काढता येत असेल तर हे लवकर समजेल, कारण तिथे ठिपक्यांची जाळी आधी येते आणि आकृती नंतर. शेवटी दूर उभं राहून बघा. आडवे किंवा तिरके नको असलेले पट्टे दिसू लागले तर अंतर बदला. हे काम ट्रेसिंगवरच करून टाका. शीटवर रंग भरल्यावर पट्टे दिसले तर इलाज नसतो.

देवनागरी अक्षरं

अक्षरलेखनात मुलं आपणहून रोमनकडे वळतात, कारण त्याचे नमुने सहज मिळतात. मिळालं स्वातंत्र्य तर देवनागरी निवडा असा माझा आग्रह आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी घडवलेली शीर्षकं बघा, सुलेखनकार र. कृ. जोशी यांचं काम बघा. आपली लिपी किती वळते ते दिसेल.

सुरुवात दोन पेन्सिली रबरबँडनं एकत्र बांधून करा. दोन टोकांमध्ये जी जागा राहते ती चपट्या तोंडाच्या निबसारखी वागते, आणि कोन तोच ठेवून लिहिलं की रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक, ते उघड दिसतं. बोरूचं तोंड तिरकं कापतात ते याचसाठी. कोन हातात बसेपर्यंत क, अ, भ, ह अशी वळणाची अक्षरं लिहा.

मग शब्द घ्या, आणि खरी मेहनत अंतरावर करा. ‘पाणी’ लिहून बघा. प चा दंड, काना, ण चे दंड, वेलांटीचा दंड अशा उभ्या रेघांचं कुंपण तयार होतं. याउलट ट, ठ, ड, द, र यांना उजवीकडे पूर्ण उभा दंड नाही, त्यामुळे त्यांच्या खाली पांढरी जागा सांडते. पट्टीनं सारखं अंतर मोजलं तर पहिल्या ठिकाणी गर्दी आणि दुसऱ्या ठिकाणी भोक दिसेल. म्हणून अक्षरं सुटी कापा आणि शिरोरेषेच्या आखणीवर सरकवत बसा. दोन अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेचं क्षेत्रफळ डोळ्याला सारखं वाटलं पाहिजे. शब्द उलटा करून बघा. वाचता येत नसला की नजर फक्त आकार आणि जागा बघते. शिरोरेषा तोडायची की सलग ठेवायची, हा निर्णयही इथेच घ्या, आणि वेलांटी-मात्रांसाठी वर जागा ठेवायला विसरू नका.

एका कागदातून त्रिमिती

बाउहाउसमध्ये तिथले शिक्षक जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना साधा कागद देत आणि काहीही वाया न घालवता त्यातून रचना उभी करायला सांगत. कापायचं, दुमडायचं, पण गोंद शक्यतो नाही, अशीच असाइनमेंट आपल्यालाही येते. आधी वर्तमानपत्रावर आणि रद्दी कागदावर भरपूर घड्या घाला. चांगल्या कागदावर येण्याआधी तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा; ज्या दिशेनं तो सहज वाकतो, त्या दिशेची घडी स्वच्छ येते. घडीच्या बाहेरच्या बाजूनं कटरची अगदी हलकी रेघ मारा, आरपार नको. सरळ रेघेऐवजी वक्र रेघ मारून दुमडली तर कागदाला स्वतःचा बाक येतो आणि तो बाकच रचनेला बळ देतो.

कापताना स्टीलची पट्टी, नवं पातं आणि दोन-तीन हलके घाव. एकाच जोरदार घावात कापायला गेलं की पातं घसरतं. पट्टी धरणारी बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत याची काळजी घ्या. रचना झाली की टेबल लॅम्पखाली फिरवा आणि सावल्या बघा. पांढऱ्या कागदात रंगाचं काम सावलीच करते, म्हणून सादर करताना उजेड कुठून येणार तेही ठरवून ठेवा.

सबमिशन आणि चर्चा

शीटच्या मागे नाव, वर्ग, विषय आणि तारीख आधीच लिहा. कडेला मोकळी जागा सगळीकडे सारखी ठेवा, खाली किंचित जास्त चालेल. शीट गुंडाळायचीच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळा. जाड पोस्टर कलर आतल्या बाजूला दाबला गेला की तडकतो. प्रत्येक शीटचा दिवसाच्या उजेडात, सावलीत, सरळ समोरून फोटो काढून ठेवा. पुढे फोलिओ, म्हणजे निवडक कामाचा संग्रह, करताना मूळ शीट हाताशी नसू शकते.

चर्चेच्या दिवशी रफ सोबत न्या, क्रमानं लावून. ‘सर, कशी झालीये?’ असं विचारलं की उत्तर ‘चांगली आहे, फिनिशिंग बघ’ असंच येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: ‘मॅडम, तिसऱ्या आणि चौथ्या राखाडीत उडी वाटते का?’ किंवा ‘या दोन रफमधली मी ही निवडली, मधली रिकामी जागा इथे जास्त जिवंत वाटली म्हणून, तुम्हाला काय वाटतं?’ अशा प्रश्नांना शिक्षक थांबून उत्तर देतात, ब्रश किंवा पेन्सिल हातात घेऊन दाखवतात. मित्रमैत्रिणींच्या शीटवर बोलतानाही आवड-नावड सांगण्याआधी जे दिसतं ते सांगा: नजर आधी कुठे गेली, कुठे अडकली. मिळालेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी रफच्या मागे लिहून ठेवा आणि सगळे रफ तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. दुसऱ्या वर्षी उपयोजित कला, चित्रकला की टेक्स्टाइल यातलं काय घ्यायचं ते ठरवताना ही फाइल काढून बसा, आणि कुठल्या विषयाच्या रफची पानं सगळ्यात जास्त भरली आहेत ते बघा.